जेवणाला चव लागते, पण चुलीपाशी उठवत नाही

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यावल तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवता, वय 41. चौदा महिन्यांपूर्वी चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण हातांची बोटे, मनगटे आणि घोटे अजून सुजतात आणि सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. रक्ततपासणीत सीआरपी 18, ईएसआर 46 (दोन्ही शरीरातला दाह दाखवणारे आकडे) आणि हिमोग्लोबिन 9.8 आले आहे. हे सगळे तुम्ही चार ओळींत आटोपले आणि पुढे पानभर एकच गोष्ट लिहिली: काहीही करावेसे वाटत नाही. वह्या तपासायच्या राहतात, कपाट उघडे दिसले तरी उठून लावावेसे वाटत नाही, बहिणीचा फोन वाजत असताना तो उचलायचेही जड होते. सासूबाई म्हणतात आळस चढला, यजमान म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, आणि तुम्ही विचारता की हे दुखणे मनाचे की शरीराचे, आणि जायचे ते सांध्यांच्या डॉक्टरांकडे की मनाच्या.

तुमच्या लिहिण्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. डिसेंबरात शेतावर भरिताचा बेत होता, जाऊबाईंनी हाताला धरून नेले, तिथे भरीत आणि कळण्याची भाकरी तुम्हाला रुचली, चार जणींत तुम्ही हसलात. आणि तरीही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बेत ठरला तेव्हा साडी बदलून निघणेसुद्धा नको वाटले. जळगावात गेली सव्वीस वर्षे मी फिजिशियन म्हणून संधिवाताचे आणि जुन्या दुखण्यांचे रुग्ण पाहते आहे, आणि हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. कोणी म्हणते उमेद नाही, कोणी म्हणते जीव लागत नाही, आणि खेड्यातून आलेली मंडळी सरळ सांगतात, "काही कराले मन नही व्हत." तुम्हाला तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, म्हणून पुढे जे लिहिते ते या प्रकारच्या तक्रारीकडे मी कसे पाहते याचे स्पष्टीकरण आहे, आणि त्यातील कोणता भाग तुम्हाला लागू पडतो हे तुमच्या डॉक्टरांनी हात पाहून ठरवायचे आहे.

आनंद ही एकसंध गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात निदान दोन भाग आहेत. वस्तू समोर आल्यावर ती गोड लागणे हा एक, आणि ती मिळवण्यासाठी जागचे उठावेसे वाटणे हा दुसरा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले की ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन, जवळजवळ संपवले आहे, ते समोर ठेवलेले अन्न खायला उठत नाहीत, उपाशी राहतात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले तर ओठ चाटून गोडी लागल्याच्या सर्व खुणा दाखवतात. चव शाबूत होती, ओढ गेली होती. तुमच्या भरिताच्या हकिकतीत मला हेच दिसते. दीर्घकाळच्या आजारात बहुतेक वेळा आधी ओढ जाते, आणि चव बऱ्याच अंशी टिकून राहते. ज्यांची चवही गेलेली असते, म्हणजे नातवंड मांडीवर येऊन बसले तरी ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांच्याकडे मी जास्त काळजीने आणि थोड्या वेगळ्या दिशेने पाहते.

आता या ओढीचा आणि सुजलेल्या बोटांचा संबंध काय, ते सांगते. सूज, लाली, ऊब आणि ठणका या चार गोष्टी मिळून ज्याला आपण दाह म्हणतो, तो केवळ सांध्यापुरता राहत नाही. दाहात भाग घेणाऱ्या पेशी रक्तात काही निरोपाचे रेणू सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-1 बीटा आणि टीएनएफ ही त्यांतील नेहमी ऐकू येणारी नावे. इंटरल्यूकिन-6 यकृताला इशारा देते आणि यकृत सीआरपी तयार करते. तुमच्या कागदावरचा 18 हा आकडा त्या निरोपाचा माग आहे. हाच निरोप मेंदूपर्यंतही जातो. पोटा-छातीतून जाणारी व्हेगस नस तो नेते, मेंदूच्या ज्या मोजक्या जागी रक्त आणि मेंदू यांमधील आडभिंत पातळ असते तिथून तो शिरतो, आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांचे अस्तरही तो ऐकून प्रोस्टाग्लँडिन तयार करते. तापात पॅरासिटामॉल लागू पडते ते या शेवटच्या वाटेमुळे.

हा निरोप मिळाल्यावर मेंदू जे करतो ते आपल्याकडे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बैल आजारी पडला की गव्हाणीतून तोंड फिरवतो, कळपापासून बाजूला बसतो, हाकलले तरी उठत नाही. 1988 मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने मांडले की हे वागणे म्हणजे शरीराने अवलंबलेली एक शिस्तबद्ध काटकसर आहे. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 ते 13 टक्क्यांनी वाढतो, आणि तो खर्च भागवायचा तर चालणे, चरणे, भांडणे, हौस मौज हे सगळे थांबवावे लागते. चार दिवसांच्या तापात ही काटकसर जीव वाचवते. अडचण तेव्हा होते जेव्हा सांध्यातला दाह चौदा महिने धुमसत राहतो आणि मेंदूला रोज सकाळी तोच निरोप जातो की अजून लढाई चालू आहे, घरातून बाहेर पडू नकोस.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हा सी प्रकारच्या काविळीवर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. आज त्या आजारावर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्या आहेत, पण तेव्हा आठवड्यातून तीनदा इंजेक्शन आणि तेही सहा महिने किंवा वर्षभर असे. इंटरफेरॉन हे स्वतःच दाहाच्या कुटुंबातील रसायन आहे. चांगला बोलका, नोकरी करणारा माणूस दोन आठवड्यांत खाटेवर पडून छताकडे पाहत राहायचा, आणि आम्ही तरुण डॉक्टर त्याला धीर धरा असे सांगत असू, कारण आम्हाला दुसरे काही सुचत नसे. पुढे अमेरिकेत ल्युसिल कॅप्युरॉन, अँड्र्यू मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. थकवा, भूक मंदावणे आणि हालचालीतला संथपणा ही लक्षणे पहिल्या काही आठवड्यांतच दिसत, तर उदासी आणि चिंता नंतर येत. नैराश्यावरची नेहमीची गोळी आधीपासून दिली तर उदासी आणि चिंता बरीच कमी होत, पण थकवा आणि संथपणा फारसा हलत नसे. हा फरक लक्षात ठेवा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

निरोगी माणसांवरचे प्रयोगही आहेत. 2010 मध्ये नेओमी आयझेनबर्गर यांच्या गटाने स्वयंसेवकांना जिवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिनचा अगदी थोडा डोस दिला, ज्याने काही तासांपुरता दाह होतो, आणि मग पैसे मिळण्याची आशा दाखवणारा खेळ खेळताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. ज्यांना ते रसायन दिले होते त्यांच्या मेंदूतील बक्षिसाची वाट पाहणारा भाग, म्हणजे व्हेंट्रल स्ट्रायटम, कमी उजळला. उंदरांवरच्या प्रयोगांतून याहून बारीक गोष्ट कळली. उंदराला दोन पर्याय देतात: कळ पुन्हा पुन्हा दाबली तर आवडीचा खाऊ मिळतो, किंवा शेजारी फुकट पडलेले साधे खाद्य खावे. निरोगी उंदीर कळ दाबतो. इंटरल्यूकिन-1 बीटा टोचलेला उंदीर साध्या खाद्याकडे वळतो. पण दोन्ही फुकट ठेवली तर तो आवडीचा खाऊच निवडतो. म्हणजे आवड बदलत नाही, कष्टाचा भाव वाढतो. तुम्ही घरातल्यांना हे एवढेच समजावून सांगितले तरी पुरे.

हा भाव वाढतो कसा, याचे एक स्पष्टीकरण मला पटते. शरीर टायरोसिन नावाच्या प्रथिनातील घटकापासून डोपामिन बनवते आणि त्यासाठी त्याला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस लागतो. दाहात हा मदतनीस खर्ची पडतो आणि डोपामिन तयार होण्याचे काम मंदावते. इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या चित्रणातही डोपामिनच्या कामकाजात बिघाड दिसला होता. आपल्या भागातल्या माणसाला मी हे ठिबकच्या भाषेत सांगते: विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, पण फिल्टर गाळाने चोंदला आहे आणि शेवटच्या ओळीतली केळी सुकते आहे, अशा वेळी केळीला दोष देऊन किंवा मोटारीचा दाब वाढवून उपयोग नसतो.

इथे मला एक मोठी अट घालायची आहे, कारण असे काही वाचले की प्रत्येक उदास माणूस सीआरपीची तपासणी करायला धावतो. नैराश्याने आजारी असलेल्या सर्वांच्या शरीरात दाह नसतो. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब केला तर साधारण एक चतुर्थांश रुग्णांत सीआरपी 3 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त आढळतो. 2013 मध्ये चार्ल्स रेझन आणि सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या 60 रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे इंजेक्शन वापरून पाहिले. सर्वांचा मिळून विचार केला तर त्याचा सलाइनपेक्षा जास्त उपयोग झाला नाही. ज्यांचा सीआरपी सुरुवातीलाच 5 पेक्षा जास्त होता त्यांना मात्र फायदा होण्याकडे कल दिसला, आणि ज्यांचा कमी होता त्यांना उलट सलाइनच बरे ठरले. म्हणून दाह ही मनाच्या सगळ्या दुखण्यांची गुरुकिल्ली आहे असे मी कधीही म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत मी त्याचा विचार आधी करते आहे तो सुजलेली बोटे, तासभराचे आखडणे आणि 18 हा आकडा या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळे. जाता जाता एक सांगते, अहवालावरचे एकक नक्की पाहा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात आणि काही प्रति डेसिलिटर, आणि दोहोंत दहापट फरक पडतो.

माझ्याकडचा एक रुग्ण या निमित्ताने आठवतो. रावेरकडचे केळीबागायतदार, वय पन्नाशीचे, संधिवात नव्याने निघालेला. त्यांच्या खिशात एक लहान वही असे आणि तीत ते वीज कधी आली, मोटार किती वाजता चालू केली आणि कोणत्या बागेला पाणी दिले याची रोज नोंद करीत. मुलाने ती वही माझ्यासमोर ठेवली. श्रावणापर्यंत निळ्या पेनातल्या रोजच्या ओळी होत्या, मग दोन दिवसांआड एखादी, आणि दसऱ्यानंतर कोरी पाने. मुलाचे म्हणणे होते की वडिलांना कोणीतरी काही केले असावे. बागेविषयी विचारले तर ते फक्त "आहे" एवढेच म्हणायचे. आम्ही संधिवाताचा दाह उतरवणारे मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केले. नवव्या-दहाव्या आठवड्यात ते तपासणीला आले तेव्हा मनगटाची सूज पुरती गेली नव्हती, पण वहीत पुन्हा ओळी दिसल्या, थोड्या वाकड्या अक्षरातल्या, आणि पहिल्याच ओळीत पहाटे सव्वाचारची वेळ होती. त्यांना कोणी उठवले नव्हते. हे सगळे केवळ दाह उतरल्यामुळे झाले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्याच काळात दुखणे कमी झाले होते आणि झोपही परतली होती, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पण तेव्हापासून मी संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला सांध्यांबरोबरच हेही विचारते की आपणहून, कोणी न सांगता, तुम्ही शेवटचे काय केलेत.

आता तुमच्याकडे वळते. चिकुनगुनियानंतर तीन महिन्यांच्या पुढे सांधे सुजत राहिले तर आम्ही त्याला जुनाट अवस्था म्हणतो. 2006 च्या मोठ्या साथीनंतर आपल्या भागात असे रुग्ण आम्ही पुष्कळ पाहिले. बहुतेकांचे हळूहळू निवळते, काहींचे वर्षानुवर्षे चालते, आणि थोड्यांमध्ये मुळात संधिवातच असतो जो तापाच्या निमित्ताने उघडा पडतो. म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्याव्यात, आणि शक्यतो संधिवाततज्ज्ञाला, ते जवळ नसतील तर अनुभवी फिजिशियनला, प्रत्यक्ष हात दाखवावेत.

त्याच वेळी उमेद हिरावणाऱ्या इतर गोष्टी बाजूला काढल्या पाहिजेत. थायरॉइड, साखर, बी-12 या तपासण्या साध्या आहेत आणि शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता मला फार वेळा सापडते. तुमच्या 9.8 हिमोग्लोबिनकडे मात्र मी जरा थांबून पाहीन. तुम्ही लिहिता की सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढले नाही. दाह चालू असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते, त्यामुळे आतड्यातून लोह नीट शोषले जात नाही आणि साठ्यात असलेलेही बाहेर पडत नाही. अशा वेळी लोहाचा साठा दाखवणारा फेरिटिनचा आकडा फसवा असतो, कारण दाहात तो एरवीच वाढतो. लोह खरोखर कमी असतानाही तो ठीक दिसू शकतो. म्हणून फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहून नेले जाते ते) पाहावे लागते, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हेही विचारावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याकडील कुटुंबांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, तेव्हा ती साधी तपासणी एकदा झालेली असावी. लोहाची कमतरता एकट्यानेही माणसाला निरुत्साही करते, मग ती आणि दाह दोन्ही असतील तर काय होईल याची कल्पना करा. आणखी एक विचारते, राग मानू नका: मिश्री लावता का, हिरड्यांतून रक्त येते का? हिरड्यांचा जुना दाह सीआरपी वाढवणाऱ्या नेहमीच्या कारणांपैकी आहे आणि दंतवैद्याकडच्या दोन-तीन भेटींत तो आटोक्यात येतो.

तुमच्या पत्रातील एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ झाले. गावातल्या एका दवाखान्यातून कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या "ताकदीच्या गोळ्या" तुम्ही अधूनमधून घेता. त्या घेतल्या की दुसऱ्याच दिवशी अंग हलके होते, स्वयंपाकघर आवरावेसे वाटते, आणि बंद केल्या की पूर्वीपेक्षा वाईट होते. दाह इतक्या झटपट उतरवणारी आणि हुरूप आणणारी, नाव नसलेली गोळी ही बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, मी स्वतः ते ठरावीक मात्रेत आणि ठरावीक दिवस देते. पण ते नकळत घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. तुम्ही त्या सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेत असाल तर आज हे वाचून एकदम बंद करू नका. त्याने रक्तदाब घसरतो, मळमळ आणि कमालीची गळाठ येते, प्रसंगी जिवावर बेतते. पुडी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मात्रा पायरीपायरीने उतरवून घ्या. आणि या गोळ्यांनी दोन दिवस तुमची उमेद परत आणली, ही गोष्टही त्यांना आवर्जून सांगा, कारण दाहाकडे बोट दाखवणारा तो एक पुरावा आहे, जरी स्टेरॉइडने निरोगी माणसालाही थोडी तरतरी येत असली तरी.

तेव्हा इथपर्यंतचे थोडक्यात असे, की तुमची ओढ गेली आहे आणि चव टिकून आहे, शरीरात दाह चालू असल्याची चिन्हे आहेत, रक्त कमी आहे, आणि मधूनच घेतलेल्या अज्ञात गोळ्यांनी चित्र गढूळ केले आहे.

उपचारांबद्दल. दाह खरोखर चालू असल्याचे तपासणीत ठरले तर डॉक्टर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे सुचवतील. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ते चुकून रोज घेतल्याने प्राण गमावल्याच्या घटना आहेत, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते चालत नाही, हे आधी बोलून घ्या. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. वेदनाशामक गोळ्या दुखण्यापुरत्या ठीक आहेत, पण मन उभारी धरील म्हणून त्या घेऊ नयेत. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात, हे मी दर उन्हाळ्यात पाहते. हळदीच्या दुधाने तुम्हाला बरे वाटत असेल तर अवश्य घ्या, मात्र तिच्यातील कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, म्हणून औषधाच्या जागी ते धरू नका.

मनाच्या डॉक्टरांकडे जावे का, तर माझ्या मते हो, आणि सांध्यांच्या डॉक्टरांकडे जाणे त्यासाठी थांबवू नये. दाहाने सुरुवात झालेली मरगळ वर्षभर टिकली की तिच्यावर खऱ्या नैराश्याचा थर चढू शकतो, आणि आपण घराला ओझे झालो ही तुमची भावना मला त्या थराची वाटते. इंटरफेरॉनच्या रुग्णांत दिसले तसे नेहमीच्या गोळ्यांनी उदासी आणि चिंता उतरते, पण जडपणा मागे राहू शकतो. तो राहिला म्हणून औषध फुकट गेले असे समजू नका, तसे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. डोपामिनवर काम करणाऱ्या ब्युप्रोपिऑनसारख्या औषधाचा विचार ते करू शकतात. सीआरपी जास्त असलेल्यांना त्याची जोड अधिक उपयोगी पडल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले आहे, पण एका अभ्यासावर मी पैज लावणार नाही. जगणे नको असा विचार एकदा जरी आला तरी वाट पाहू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

औषधे लागू पडेपर्यंतच्या मधल्या आठवड्यांचे काय करायचे, याला माझ्या अनुभवात औषधांइतकेच महत्त्व आहे. इच्छा झाली की करू, असे म्हणून थांबू नका, कारण सध्या इच्छाच आजारी आहे. तिच्याशी झटापटही करू नका. कष्टाचा भाव वाढला आहे, तर तो खाली आणायचा. तुमचे सांधे सकाळी आखडतात, म्हणून सकाळी आठच्या आत कोणतेही नवे काम काढू नका. गरम पाण्यात हात शेकून झाल्यावर, साधारण दहा वाजता, शरीर जरा मोकळे असते ती वेळ धरा. पन्नास वह्यांचा गठ्ठा समोर घेऊ नका, पाच वह्या आणि पेन आदल्या रात्रीच टेबलावर काढून ठेवा. बहिणीला तुम्ही फोन करायचा असेल तर तो राहील, म्हणून रविवारी चार वाजता तिनेच करावा असे ठरवून टाका. भरिताचा बेत असेल तर वांगी भाजण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तुम्ही बसून सोलायला घ्या. एकदा तिथे पोहोचलात की गोडी लागते हे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा कोणीतरी हाताला धरून न्यायला हवे एवढेच.

चालण्याचेही असेच. स्नायू कामाला लागले की दाह शमवणारी रसायने शरीर स्वतः सोडते आणि नियमित व्यायामाने दाहाचे आकडे हळूहळू उतरतात. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि कसोटी दुसऱ्या दिवशीची ठेवा: दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागले तर आदल्या दिवशी जास्त झाले, दोन-तीन मिनिटे कमी करा. झोप मोडली की दाहाचे आकडे वाढतात, म्हणून रात्री ठणक्याने जाग येत असेल तर ती सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंसाठी एक वाक्य देते, तुम्हाला योग्य वाटले तर वाचून दाखवा. आळशी माणूस नावडते काम टाळतो आणि आवडीच्या कामाला पटकन उठतो. ज्या सुनेला आवडीच्या कामालाही उठवत नाही, ती आळशी नाही, ती आजारी आहे.

पुढच्या भेटीला जाताना एक कागद बरोबर न्या. सकाळी मूठ किती मिनिटांनी वळते, रात्री कितीदा जाग येते, कोणती गोळी कोणत्या तारखेला घेतली (त्या पुडीतलीसुद्धा), हे दोन आठवडे लिहून ठेवा. आणि रोज रात्री एक ओळ आणखी लिहा: आज कोणी न सांगता, आपणहून मी काय केले. सुरुवातीला त्या जागी रेघच मारावी लागेल, तरी मारा. तारीख आणि रेघ असलेला तो कागद डॉक्टरांना तुमच्या "काहीच करावेसे वाटत नाही" या वाक्यापेक्षा खूप जास्त सांगेल, आणि उपचार सुरू झाल्यावर पहिली ओळ कोणत्या तारखेला उमटते हे मलाही कळवा.